त्याचा डावा, तिचा उजवा

"तोकुजी, तुझा हात आत्ता कुठे बसला बघ," ओकुमुरा म्हणाला.

खुर्ची सरळ केल्यावर त्याच्या डोळ्यांवरचा गरम टॉवेल गळ्यात घसरला होता आणि आरशात बघत तो दोन्ही गालांवरून बोटं फिरवत होता. ओकुमुरा म्हणजे कोपऱ्यावरचा टोफूवाला. दर शनिवारी सकाळची विक्री उरकली की दाढीला यायचा. तोकुजी त्याच्या खांद्यामागे उभा होता, आणि तोकुजीची बायको हात्सुए त्याच्याही मागे, मोरीपाशी, वस्तरा पुसत होती. "इतकी वर्षं तुझ्याकडे करतोय. वाईट करायचास असं नाही. पण हल्ली काय खातोस रे? वस्तरा गालावर आहे की नाही तेच कळत नाही. मला तर डुलकी लागली."

"वय वाढलं की हात हलका होतो," तोकुजी म्हणाला.

"कुठला! माझा जड व्हायला लागलाय. टोफू उचलायला गेलं की फुटतो."

दोघं हसले. हात्सुएही हसली, कारण आरशात तिचं तोंड त्या दोघांना दिसत होतं. मग तिच्या लक्षात आलं की वस्तऱ्याच्या पाठीवरून सरकणारा फडका तिने मुठीत आवळून धरलाय, आणखी जरा आवळला असता तर बोट गेलं असतं. ओकुमुराची ती दाढी तिने केली होती. मागच्या शनिवारची तिने केली होती, त्याच्या मागच्याही शनिवारची. ओकुमुराने टोपी घातली, दारात वळून "येतो हं, वहिनी" म्हणाला, आणि दुकानदाराच्या बायकोने वाकावं तशी ती वाकली. दाराची काच सरकत बंद झाली. तोकुजी टॉवेल झटकत म्हणाला, "खूश होऊन गेला." बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं याचा तिला अंदाज नव्हता.

फेब्रुवारीत दुकानाची पाटी पुसताना तोकुजी शिडीवरून पडला होता. मान आखडलीय एवढंच तेव्हा वाटलं. काही दिवस तो उताणा पडून राहिला आणि उठला तेव्हा उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना काही कळेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दबलीय, सुटेल तेव्हा सुटेल. कात्री चालायची. कात्री डोळ्यांनी चालवता येते. वस्तऱ्याला डोळे उपयोगाचे नाहीत, आणि त्यांच्या दुकानातल्या वस्तऱ्याला तर मुळीच नाहीत. तो न मिटणारा, सबंध एका लोखंडाचा जुना वस्तरा होता, मुठीवर वेताची साल गुंडाळलेली. तो मुठीत आवळायचा नसतो, बोटांच्या शेंड्यांवर तोलायचा असतो. केस कुठे वाकला, कातडी कुठे उंच झाली, हे सगळं त्या शेंड्यांतून वर येतं. तोकुजीकडे ते येईनासं झालं. पहिल्याच दिवशी निवृत्त पोस्टमास्तरांच्या कानाखाली कापलं आणि फेस तांबडा झाल्यावर त्याला ते कळलं. पोस्टमास्तर सभ्य माणूस. "उन्हाळा आला की माझी कातडी अशीच होते," म्हणाले. बाहेर थंडी पडली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तोकुजी तिला म्हणाला, "वस्तरा तू चालव. कातडी मी ताणतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर टॉवेल टाकू. मी बोलत राहीन." ती म्हणाली, "सांगून टाका ना, की हात दुखावलाय, काही दिवस बायको करेल." त्यावर त्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने दुकान विकायला काढलं होतं. "दाढी बाईकडून? इथल्या पुरुषांनी?" हात्सुएकडे परवाना होता. भिंतीकडच्या लहान खुर्चीवर ती बायकांच्या चेहऱ्यावरची लव काढायची, लग्नाआधी नवऱ्या मुलींची मान साफ करायची, पोरांचे केस कापायची. पुरुष गिऱ्हाईक त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता, आणि तिलाही आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं. निदान वाटत नाही असं ती समजून चालली होती.

तेव्हापासून एका गालावर दोघांचे हात. त्याचा डावा, तिचा उजवा. गिऱ्हाइकाच्या डोक्याशी दोघं खेटून उभी राहायची, त्याची कोपर तिच्या बरगडीत, तिचं कपाळ जवळजवळ त्याच्या हनुवटीला. त्याच्या जाड बोटांनी कातडी मागे खेचली की त्या ताणलेल्या तुकड्यावरून तिने वस्तरा न्यायचा, आणि त्याने गप्पा मारायच्या: कुस्त्यांच्या, प्रदर्शनासाठी शहरात खणलेल्या रस्त्यांच्या, महाग झालेल्या कोळंबीच्या. तिने श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, कारण बाईचा श्वास ओळखू येतो असं त्याचं म्हणणं. त्याची बोटं नेहमी एक क्षण उशिरा हलायची. तो बोलण्यात रंगला की कातडी सैल सोडायचा, आणि सैल कातडीवर वस्तरा अडकायच्या आत तिला तो हवेत उचलावा लागायचा. मग ती आपल्या पायाने त्याचा पाय दाबायची. तो बोलता बोलता पुन्हा ताणायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका वेळ इतक्या जवळ ती दोघं कधी उभी राहिली नव्हती, आणि या जवळिकीचा तिला वीट आला होता. संध्याकाळी जेवताना तो समोर बसला की तिच्या बरगडीत त्याची कोपर असल्यासारखी दुखायची.

सकाळी मात्र स्वयंपाकघराच्या मोरीवर ती एकटी असायची. क्योतोमागच्या डोंगरातला धार लावायचा पिवळट दगड, तिच्या वडिलांचा. त्यावर पाणी घालून लहान दगडाने घासलं की दुधासारखा पातळ चिखल यायचा. वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक जास्त खोलगट, एक कमी. दोन्ही सारख्या घासल्या तर धार मरते. साकाईत, माहेरी, वडिलांच्या दुकानामागे ती मोरीवर बसायची तेव्हा वडील काही समजावून सांगत नसत, फक्त आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "दाबू नकोस. दगड आपणच खातो, तुला भरवायचं नाहीये." मग तोकुजी आला, वडिलांच्या हाताखाली राहिला, जावई झाला, आणि एक दिवस दगड तिच्या मोरीवरून उचलून त्याच्या टेबलावर गेला. कोणी काही बोललं नाही, आणि ती भात टाकायला आत गेली होती. आता तो दगड परत तिच्या हाताखाली होता. पातं दगडाला चिकटून यायला लागलं, उचलताना क्षणभर सोडेनासं झालं की ती थांबायची. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायची. रात्रभरासाठी ठेवायचा असला तर कोरडा करून कॅमेलियाच्या तेलाचं बोट धारेवरून फिरवून किरीच्या हलक्या लाकडाच्या पेटीत. दमट दिवसांत एवढं केलं नाही तर सकाळी धारेवर तांबूस ठिपका उभा. हे सगळं तोकुजी करायचा तेव्हा लोक म्हणायचे, तोकुजीची धार. आता ती करते तेव्हाही तोकुजीचीच.

ओकुमुरा गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. टोफूबरोबर त्याने तोकुजीच्या हलक्या हाताची बातमी सगळ्या पेठेत वाटली, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला केशकर्तनकारांच्या संघाचे चिटणीस यासुई स्वतः दुकानात आले. हात्सुएने चहा ठेवला. यासुई म्हणाले, "नव्या पोरांना पातं बदलायचे वस्तरे हवेत. धार लावणं नको, तेल नको, काही नको. संघाच्या संमेलनात एकदा त्यांना खरा वस्तरा बघू दे. सगळ्यांच्या तोंडी तुमचंच नाव आहे." तोकुजीने मान खाली घातली, दोनदा नको नको म्हणाला, आणि हो म्हणाला.

"तुम्ही हो म्हणालात," यासुई गेल्यावर ती म्हणाली.

"ते घरी आले होते. नाही कसं म्हणणार?"

"तोंडाने. नेहमी बोलता तसं."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! दाढी कोण करणार तिथे? ही बोटं?" तिने त्याचा उजवा अंगठा चिमटला, नखाने. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि ते बघून तिलाच कसंतरी झालं.

"इथे करतो तशीच करू," तो म्हणाला. "तू मदतनीस म्हणून बाजूला राहा."

"इथे एकाचे डोळे झाकायचे असतात. तिथे सगळ्या सभागृहाचे कसे झाकाल? टॉवेल पुरतील?"

तो मुळ्याचं लोणचं चावत राहिला. "बघू," म्हणाला. त्याच्या या 'बघू'वर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण मोरीवर ताटल्या घासताना तिच्या मनात एक गोष्ट हळूच शिरली आणि तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. सभागृहात सगळे डोळे उघडे असतील. सगळे जाणकार. वस्तरा कुणाच्या बोटांवर आहे हे त्यांना सांगावं लागणार नाही, तोकुजीने तोंड उघडायची गरजच पडणार नाही. ती भांडायची थांबली. तोकुजीला वाटलं, समजूत पटली. संमेलनाच्या आदल्या सकाळी तिने मोरीवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवला, वडिलांचा सगळ्यात जुना वस्तरा काढला, आणि पांढऱ्या कोटाला इतकी कडक इस्त्री केली की तो अंगात घालताना कुरकुरला.

सभागृहातल्या खुर्चीवर यासुई स्वतःच बसले. टॉवेल नको म्हणाले, दिव्यामुळे डोळे मिटून घेतले. पुढच्या रांगांमधली माणसं उठून जवळ आली, मागची बाकांवर चढली. तोकुजीने फेस लावला, डाव्या हाताने गालाची कातडी वर ओढली, आणि हात्सुएने वस्तरा टेकवला. त्यानंतर तिला लोक दिसेनासे झाले. यासुईंची दाढी राठ होती, हनुवटीखाली केस भोवऱ्यासारखे गोल फिरत होते, आणि त्या भोवऱ्यात वस्तरा वळवताना तिच्या बोटांच्या शेंड्यांतून एकेक केस तुटल्याचं कळत होतं. आवाज इतका बारीक की सभागृह गप्प होतं म्हणूनच ऐकू यावा. तोकुजी आज बोलत नव्हता. त्याची बोटं आज उशीर करत नव्हती. वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली, जिथे पुरुष श्वास धरून ठेवतात, तिथे यासुईंनी श्वास धरला नाही. तिने वस्तरा उचलला तेव्हा तिला वाटलं, आयुष्यात याहून चांगली दाढी आपल्या हातून होणार नाही. आणि ते वाटणं बरोबर होतं.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. यासुई उठून गालावरून हात फिरवत माइककडे गेले. "पाहिलंत?" ते म्हणाले. "आपल्या हाताने दाढी कुणीही करेल. पण दुसऱ्याच्या हातात वस्तरा देऊन त्या हाताकडून आपल्यासारखं काम करून घ्यायचं, नुसत्या डाव्या हाताच्या इशाऱ्यावर! याला म्हणतात गुरू." पुन्हा टाळ्या. हात्सुएला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. मग माणसं तोकुजीभोवती जमली. दगड कुठला वापरता, कुठली बाजू आधी घासता, तेल कधी लावता. तोकुजी उत्तरं देत होता, सगळी बरोबर देत होता. एका जाड्या न्हाव्याने तिच्याकडे वळून आपुलकीने विचारलं, "वहिनी, इतक्या लोकांसमोर भीती नाही वाटली?" ती तोकुजीच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडाला आता एक वाक्य बोलायचं होतं, फार लांब नाही. तोकुजीनेही एकदा तिच्याकडे बघितलं, ओठ हलवले, आणि पुढच्या माणसाच्या प्रश्नाकडे वळला. "नाही वाटली," ती त्या जाड्याला म्हणाली. टॉवेल टाकून डोळे झाकलेल्यांवर ती इतके महिने चिडत होती. त्यांचा काय दोष, असं आता तिला वाटलं. हे उघड्या डोळ्यांनी बसले होते, सगळे या धंद्यातले होते, आणि त्यांनी तिचा हात पाहिला नव्हता असंही नव्हतं. पाहिला, पण तोकुजीचाच म्हणून.

ट्रॅममध्ये तोकुजी खिडकीशी बसला होता, मांडीवर संघाने दिलेला मिठाईचा पुडा. "निभावलं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मी सांगणार होतो. पण ते इतके बोलत होते की मध्ये कुठे..." रस्त्यात जागोजागी खणलेलं होतं, ट्रॅम थांबत थांबत चालली होती, आणि प्रत्येक थांब्याला तिला उतरून चालत सुटावंसं वाटत होतं. पण इस्त्रीच्या कोटात, हातात वस्तऱ्यांची पेटी घेऊन बाई कुठे चालत सुटणार?

शनिवारी ओकुमुरा आला. तोकुजीने खुर्ची मागे केली, डोळ्यांवर टॉवेल ठेवला, फेस लावला आणि संमेलनाची गोष्ट सांगायला लागला. गालावर डावा हात ठेवायला तो वाकला, तेव्हा हात्सुएने तो हात मनगटाला धरून बाजूला केला. जोरात नाही, जेवणाच्या टेबलावरून वाटी सरकवावी तसा. आणि ओकुमुराच्या गालावर आपला डावा हात ठेवला. ओकुमुरा टॉवेलखालून म्हणाला, "हे कोण?"

"मी. हात्सुए."

"तोकुजी कुठे गेला?"

"इथेच आहेत. दाढी मी करते तुमची. फेब्रुवारीपासून मीच करतेय."

तिच्या बोटांखालची कातडी एका क्षणात ढोलकीसारखी ताठ झाली. गळ्यातली शीर वर आली. अशा कातडीवर वस्तरा जात नाही, गेला तर कापतो. ती वस्तरा वर धरून थांबली. तोकुजी आरशात पांढराफटक पडला होता. बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ओकुमुराने आवंढा गिळला, आणि गळा थोडा सैल झाला. "बरं, करा," तो म्हणाला, जसं दात काढून घ्यायला आलेला माणूस म्हणतो. तिने केली, मागच्या शनिवारी केली तशीच, त्याच वस्तऱ्याने, त्याच धारेने. तोकुजीची बोटं मध्ये नव्हती म्हणून कदाचित अधिकच चांगली. ओकुमुरा उठला, गाल चाचपले, आरशातल्या तोकुजीला म्हणाला, "आज जरा ओढलं."

"ओढलं नाही," हात्सुए म्हणाली.

"गाल माझा आहे ना, वहिनी."

"वस्तरा माझा आहे. ओढलं असतं तर तुमच्या आधी मला कळलं असतं."

तो गेल्यावर तोकुजी एकच वाक्य बोलला: "मला उघडं पाडलंस." तिने म्हटलं, "मी स्वतःला उघडं केलं. तुम्ही मध्ये उभे होता, त्याला मी काय करू?" मग खूप दिवस त्यांच्यात कामापुरतंच बोलणं उरलं. ओकुमुरा पुलापलीकडच्या दुकानात जायला लागला. आणखीही काही जण गेले. पोस्टमास्तर आले, शांतपणे बसले, "मला वाटलंच होतं," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले; पण 'मग इतके दिवस बोलला का नाहीत' हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. काही जण नुसते केस कापून घ्यायचे आणि दाढी घरी करतो म्हणायचे. दुपारी दुकान रिकामं असायचं. आपण जिंकलो की काय झालं, तिला ठरवता येत नव्हतं. सकाळी दगडावर वस्तरा ओढताना मनात ओकुमुराचं 'ओढलं' यायचं आणि तिचा हात दाबायला लागायचा. मग चिखल टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून.

तोकुजी स्वतःची दाढी डाव्या हाताने करत होता, घरातल्या साध्या पात्याने, आतल्या लहान आरशात. जबड्याच्या कडेने पांढरे खुंट राहायचे, हनुवटीवर रोज एखादा कागदाचा कपटा चिकटवलेला. न्हाव्याच्या दुकानात न्हाव्याचा चेहरा असा. ती बघायची आणि काही म्हणायची नाही. मी करते असं तिने म्हणावं अशी त्याची इच्छा असेल, तर तेवढं तरी त्याने तोंड उघडून मागावं, असं ती मनात धरून बसली होती. पावसाळा संपत आला होता. एका दुपारी ती पट्टा पुसत असताना तो आतून आला, दुकानभर एक फेरी मारली, दारावरची पाटी उलटी केली, आणि मोठ्या खुर्चीवर जाऊन बसला. खुर्ची मागे करायचा दांडा त्याने स्वतःच ओढला. एवढ्या वर्षांत त्याला त्या खुर्चीवर आडवा झालेला तिने पाहिला नव्हता. वरून त्याचं नाक मोठं दिसत होतं आणि मान म्हाताऱ्याची.

ती उभी राहिली. तो छताकडे बघत म्हणाला, "कर." मग थोडं थांबून, "करशील का?"

तिने फेस केला, लावला. गरम टॉवेल त्याच्या डोळ्यांवर ठेवायला गेली तर त्याने डोकं हलवलं. "नको. बघू दे."

"दिवा डोळ्यांत येईल."

"येऊ दे."

तिने डाव्या हाताने त्याचा गाल ताणला. त्याची कातडी गिऱ्हाइकांपेक्षा पातळ होती, खालचं हाड लगेच लागत होतं. वस्तरा कानापासून खाली आला, तेव्हा त्याचे डोळे वस्तऱ्याबरोबर खाली आले आणि मग तिच्या बोटांवर थांबले. तो एकही शब्द बोलत नव्हता. तिला ते जड जात होतं. इतक्या महिन्यांत त्याच्या बडबडीची तिच्या हाताला सवय झाली होती, आणि आता त्या शांततेत आपली बोटं तिला फार मोठी, फार उघडी वाटत होती. जबड्याच्या कडेचे खुंट राठ होते. ती तिथे सावकाश गेली. तो बघतच होता, दिव्याने डोळ्यांत पाणी आलं तरी मिटत नव्हता.

"उजवीकडे, कानाखाली, थोडं राहिलंय," तो अखेर म्हणाला.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "तोंड मिटा."